एका घरची चिंधी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षं ते विचारू नका. नदीला तेव्हा पूल नव्हता आणि माणसांना घाई नव्हती, एवढं कळलं तरी पुरे.

नदीकाठच्या एका गावात कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करणारी एक बाई राहत होती. बाप गेल्यावर बाहुल्यांच्या दोऱ्या तिच्या हाती आल्या. त्या खेळाची एक रीत होती. जत्रेच्या आधी ती घरोघर जाई आणि प्रत्येक दारी एकेक चिंधी मागे. त्या चिंध्यांतून बाहुल्यांचे कपडे होत. बापाने जाता जाता बजावलं होतं, "पोरी, एका बाहुलीला एकाच घरची चिंधी लावू नकोस." का, ते मात्र सांगितलं नाही. जुन्या माणसांची ही खोडच असते.

राजा, राणी, राक्षस. दरवर्षी तेच ते. लोक जांभया देऊ लागले. एका जत्रेत तर राक्षस मरायच्या आतच पाटील घोरू लागले. बाहुलीवालीला ते फार लागलं. "पुढच्या जत्रेत खरंखुरं माणूस नाचवीन, तरच बापाची लेक," असं तिने मनाशी ठरवलं.

माणूस शोधायला लांब जावं लागलं नाही. गावची नाव एक नावाडीण चालवायची. तिचा नवरा याच नदीच्या पुरात वाहून गेला होता. तेव्हापासून नाव पाण्यात लोटताना ती रोज नदीला दटावायची, "एक गिळलास तेवढा पुरे गं बये! आज माझ्या माणसांना हात लावशील तर बघ!" ते ऐकलं की नावेतली माणसं निर्धास्त होत.

बाहुलीवालीने तिचं सगळं टिपलं. पदर खोचायची ढब, डाव्या पायाने लंगडणं, ते दटावणंसुद्धा. चिंधी मागायला गेली तेव्हा नावाडिणीने जुन्या हिरव्या लुगड्याचा अर्धा पदरच फाडून दिला. "घे बाई. मला कुठलं नाचायला मिळतंय? पदर तरी नाचू दे."

तो सबंध तुकडा बाहुलीवालीने एकाच बाहुलीला नेसवला. बापाचे शब्द आठवले, पण चिंधीने काय होतंय, असं म्हणून तिने सुई ओवली.

जत्रेत बाहुली लंगडत आली आणि नदीला दटावू लागली. "अरे, ही तर आपली नावाडीण!" लोक हसून हसून लोटपोट झाले. नावाडीणही तिथेच बसली होती. आपलं लुगडं तिने लगेच ओळखलं. ती उठली आणि गुमान घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती नाव लोटायला वाकली, तोच एक टवाळ मागून ओरडला, "एक गिळलास तेवढा पुरे गं बये!" नाव हसण्याने डुलली. त्या दिवसापासून नावाडीण नदीशी बोलेनाशी झाली.

बाहुलीवाली बाजाराला निघाली, तेव्हा नावेत फक्त वल्ह्याचा आवाज होता. पैलतीरी उतरताना ती म्हणाली, "मावशी, चुकले."

"तू हुशार आहेस गं," नावाडीण म्हणाली. "पण ते दटावणं माझं होतं. त्याच्या बळावर मी रोज पाण्यात उतरत होते. आता तोंड उघडलं की वाटतं, तुझी बाहुलीच बोलतेय."

बापाने चिंधीची रीत का पाळली, ते बाहुलीवालीला तिथेच, त्या ओल्या वाळूत उभ्या उभ्या उमगलं. घरी येऊन तिने बाहुलीचे सांधे सोडवले आणि हिरवा पदर घडी घालून ठेवून दिला.

पुढची जत्रा जवळ आली. पाटलांनी बोलावलं. "यंदाही नावाडीणच नाचव. नाहीतर तुझा खेळ बंद."

"बंद तर बंद," ती म्हणाली. "ती बाहुली आता उठायची नाही. दुसरी करते. ती रुचली नाही, तर बापाच्या दोऱ्या तुमच्या पायाशी आणून ठेवीन."

बोलून बसली, पण बाहुली काही जमेना. कुंभारणीचं भट्टीपाशी पुटपुटणं घेतलं, शिंप्याची हसताना तोंडावर हात धरायची सवय घेतली, पाटलांचं घोरणंही उचललं. अकरा घरच्या चिंध्या लावल्या. तरी बाहुली नुसती हलायची, जगायची नाही. सात वेळा मोडली, आठव्यांदा जोडायला घेतली. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की या लाकडात सारा गाव आहे, फक्त आपण नाही. खेळाची पहिली दोरी ओढताना तिचे हात थरथरायचे. हे तिने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. ती थरथर तिने बाहुलीला दिली आणि बारावी चिंधी आपल्या पदराची लावली.

जत्रेत एक लाकडी म्हातारी आली. ती घोरली, तोंडावर हात धरून हसली. पाटलांनी बायकोला विचारलं, "असं कोण घोरतं गं?" मग म्हातारी भट्टी उघडायला गेली आणि तिचे हात थरथरू लागले. "सगळं फुटलं असेल का?" ती पुटपुटली.

"ही तर मी," कुंभारीण हळूच म्हणाली.

"तू कशी? ही माझी आई," शिंपी म्हणाला. पाटील डोळे पुसत होते. दोऱ्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहुलीवाली नावेत बसली. नावाडिणीने विचारलं, "ते हात कुणाचे गं?"

"माझे, मावशी."

"तुझेही थरथरतात होय?" नावाडीण म्हणाली. मग तिने पदर खोचला, नाव लोटली आणि साऱ्या काठाला ऐकू जाईल अशी गरजली, "एक गिळलास तेवढा पुरे गं बये!"

नावेत कुणी हसलं नाही. पैलतीरी उतरताना नावाडिणीने पदराची बोटभर पट्टी फाडून बाहुलीवालीच्या हातात ठेवली. "पुढच्या बाहुलीला लाव. एवढीच हं."

तात्पर्य : गोष्टीतलं माणूस दहा घरी थोडं थोडं मागून घडवावं, आणि त्यात स्वतःच्या पदराची चिंधी लावायला विसरू नये.