चषकाला कव्हर हवं

चिपळूणच्या मंडळात शालन आणि राजन यांचा कॅरमचा अंतिम सामना साडेचारला होता. पण अध्यक्ष तात्यासाहेबांचं स्वागताचं भाषण इतकं रंगलं की साडेपाच वाजले. सहाला तर सभागृह साखरपुड्यासाठी रिकामं करायचं होतं.

"आता वेळ नाही," तात्यासाहेबांनी जाहीर केलं. "बक्षीस विभागून! चषक सहा महिने शालनकडे, सहा महिने राजनकडे. जिल्ह्याच्या स्पर्धेला मात्र राजन जाईल."

राजन त्यांचा सख्खा भाचा. शिवणकाम आटोपून शालन वर्षभर रोज खेळली होती, ती जिल्ह्याला जाण्यासाठीच. तिनं चषक घेतला, कपाळाला लावला आणि सरळ कॅरमच्या मधल्या वर्तुळात नेऊन ठेवला.

"हे काय गं?"

"राणी घेतली आणि पाठोपाठ आपल्या सोंगटीचं कव्हर पडलं नाही, तर राणी परत मधोमध ठेवायची. भिंतीवरच्या या नियमाखाली तुमचीच सही आहे, तात्यासाहेब. हा चषक न खेळता हातात आला. त्याला कव्हर कुठाय?"

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. राजननं हसत चषक बाजूला ठेवला आणि सोंगट्या मांडल्या. "बस ताई, एका डावात निकाल लावू. जो जिंकेल तो जिल्ह्याला."

सहाला दोन मिनिटं उरली असताना शालननं राणी घेतली, लगोलग कव्हर टाकलं आणि डाव जिंकला!

तात्यासाहेब समारोपाचे आठ कागद घेऊन उठले. दारात साखरपुड्याची मंडळी ताटं घेऊन उभी होती.

"मामा," राजन म्हणाला, "भाषण विभागून करा. अर्धं पुढच्या वर्षी!"