टिटव्यांच्या शाळेतला पहिला धडा

फार पूर्वी नदीकाठच्या माळावर टिटव्यांची शाळा होती. तिथल्या म्हाताऱ्या बाई ओरडल्या की पिल्लांनी जमिनीला चिकटून निपचित बसायचं, हा पहिला धडा. बाई पिल्लांच्या आयांना म्हणायच्या, "अधूनमधून येऊन तुम्हीही ओरडत जा." आया म्हणायच्या, "शिकवणं तुमचं काम, बाई. आम्हाला कुठे वेळ?"

एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर माळावर मुंगूस आलं. एक आई जिवाच्या आकांताने ओरडली. तिचं पिल्लू किडे टिपतच राहिलं. "ही काही बाईंची हाक नाही," ते शेजारच्या पिल्लाला म्हणालं. मुंगसाने त्यालाच उचललं.

दुसऱ्या दिवसापासून सगळ्या आया शाळेत येऊन ओरडू लागल्या. सर्वांत आधी यायची ती, जिचं पिल्लू आता शाळेत नव्हतं.