डाव्याचं दुखणं

गाड्यांचे सुटे भाग एकमेकांशी बोलत, त्या काळातली ही गोष्ट. घाटातल्या वाड्यांवर दूध पोचवणाऱ्या विसोबा घोसाळकरांच्या जुन्या मोटारसायकलला मागे दोन शॉकअप होते, डावा आणि उजवा. दुधाच्या कॅनचा भार आणि रस्त्याचे धक्के दोघं मिळून झेलत.

एके दिवशी डाव्याचं सील फाटलं आणि आतलं तेल झिरपू लागलं.

"मालकांना कळू देऊ नकोस," तो रडवेला होऊन म्हणाला. "मला काढून भंगारात टाकतील."

उजव्याला गलबलून आलं. "घाबरू नकोस. मी आहे ना!"

त्या दिवसापासून डाव्याच्या वाटचे धक्केही तो निमूट सोसू लागला. तेलाचा ओघळ धुळीखाली झाकला गेला. गाडी पूर्वीसारखीच चालत होती, त्यामुळे विसोबांना शंकाही आली नाही. उजवा मात्र रोज थोडा थोडा खचत होता.

वर्षभराने एका खड्ड्यात त्याचा दांडा वाकला. गॅरेजात अन्वर मिस्त्रींनी दोघांना उतरवून पाहिलं आणि मान हलवली.

"विसोबा, तेल गळायला लागलं तेव्हाच यायचं होतंत. नुसतं सील बदलून भागलं असतं. आता दोन्ही गेले."

नवी जोडी बसवून विसोबा निघून गेले. ते दोघं भंगाराच्या ढिगावर शेजारी शेजारी पडून राहिले.

"नुसतं सील?" डावा म्हणाला.

"तूच म्हणालास, सांगू नकोस."

"मी घाबरलो होतो रे. तू माझं ऐकायला नको होतंस."