हातांवर बसणारी मंडळी

सावकाश या, पायऱ्या निसरड्या आहेत. आत चॅपलात सभा चालू आहे, तेव्हा खिडकीतूनच बघा. दिसलं? सगळे दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसलेत. हसू नका हो. मीही हसले होते, चाळीस वर्षांपूर्वी, आमच्या डॉक्टरांची इथे वेल्समध्ये नेमणूक झाली तेव्हा. शेजारच्या म्हातारीने मला बाहेर आणलं आणि ही हकिकत सांगितली. मग नाही हसले.

फार पूर्वी, या डोंगरातल्या पाटीच्या दगडाच्या खाणी जोरात होत्या तेव्हा, इलायस प्रोबर्ट नावाचे पाद्री या चॅपलचे प्रमुख होते. त्यांचं प्रवचन ऐकायला दहा-दहा मैलांवरून माणसं चालत येत, असं सांगतात. त्या काळी निवडणुकीत मत उघड द्यावं लागे, आणि ते जमीनदाराच्या मनाविरुद्ध दिलं की घर सोडावं लागे. प्रोबर्ट त्याविरुद्ध गावोगाव बोलले. गरिबाला भीड न धरता मत देता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. स्वतःच्या चॅपलात मात्र सगळ्यांदेखत हात वर करून मत घेत. त्यात त्यांना काही वावगं दिसलं नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

त्यांची एकुलती मुलगी ग्वेन, आईविना वाढलेली. लग्नाआधीच तिला दिवस गेले. चॅपलची शिस्त कडक. अशा मुलीला सभेत उभं करायचं आणि वाळीत टाकायचं का, ते ठरवायचं. एक जरी हात खाली राहिला तरी टाकायचं नाही, असा नियम होता.

‘आपला तो बाब्या’ असं कुणी म्हणायला नको, म्हणून प्रोबर्टांनी ठरवलं म्हणे, की आपला हात आधी वर करायचा. बेचाळीस माणसं आहेत, पोरीला सगळ्यांनी अंगाखांद्यावर खेळवलंय. एखादा तरी हात खाली राहीलच. त्या एका हाताच्या भरवशावर त्यांनी लेकीला सोडलं.

त्यांनी हात वर केला. मग पुढच्या बाकावरच्या, गावाचे जोडे शिवणाऱ्या शॅड्रकने. मग त्याच्या बायकोने. करता करता सगळ्यांनी.

ग्वेन शाल घेऊन बाहेर गेली. बर्फ पडत होतं. आत रिवाजाप्रमाणे गाणं सुरू झालं. ते संपेपर्यंत ती इथे पायरीवर उभी होती; कुणीतरी हाक मारील म्हणून. नंतर बर्फात तिच्या पावलांचे ठसे एकाच जागी खोल रुतलेले दिसले. प्रोबर्ट आतून दारापर्यंत आले होते, पण कडी काढली नाही. जळली मेली ती लोकलाज!

ती मावशीच्या गावाला जायला डोंगर चढली. तिसऱ्या दिवशी मेंढपाळांना सापडली, पोटातल्या जिवासकट गेलेली.

वाळीत टाकलेल्याला चॅपलच्या आवारात पुरत नसत. म्हणून ग्वेनला आत जागा द्यायची का, हे ठरवायला पुन्हा सभा भरली. प्रोबर्टांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत सगळे हात वर गेले. ते त्या हातांकडे बघतच राहिले.

“शॅड्रक, त्या दिवशी का रे वर केलास?”

“तुमचा वर दिसला, पाद्रीबाबा. तुम्हाला एकटं कसं पाडायचं?”

त्यांनी दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. सगळ्यांचं उत्तर तेच. पोरीला घालवायची इच्छा कुणाचीच नव्हती. तिच्या बापाचीही नव्हती.

“बसा त्या हातांवर,” एवढंच ते म्हणाले, आणि सगळ्यांसमोर ओक्साबोक्शी रडले.

आजही इथे कुणी हात वर करत नाही. ज्याची हरकत असेल त्याने उठून तोंडाने सांगायचं. आणि सभेचं शेवटचं गाणं संपण्याआधी सगळ्यांत वडीलधारं माणूस उठतं आणि हे दार उघडतं. ऊन असो, बर्फ असो, पायरीवर येऊन हाक मारतं, “ग्वेन, आत ये गं.”

जरा वेळ वाट बघतात. मग दार लावून घेतात.