धामणीची कमान

"म्हणजे याही पात्यात खोट आहे म्हणतोस?"

"आहे की, बाबा. दात बघा याचे. पाव कापत नाही, ओरबाडतं. सगळा भुगा."

खाडीवर धुकं उतरलं होतं. पलीकडचा काठ कुणीतरी रात्रीतून उचलून नेला असावा, असं वाटत होतं. दस्तगीरबाबा फकीर आपल्या झोपडीपुढं बसले होते. समोर सगुण मेस्त, नावाजलेला सुतार. मधल्या फडक्यावर पातीच पाती. कोल्हापूरचं, निपाणीचं, वखारीतल्या मोडक्या करवतीचं, एक तर थेट मुंबईहून आणलेलं.

"एवढी हत्यारं घेऊन हिंडतोस. पोलिसानं धरलं म्हणजे?"

"सांगेन, लेकीसाठी सुरी करतोय."

आणि ते खरंच होतं. दारातलं धामणीचं झाड वादळात पडलं, तेव्हा शेवंतीनं निरोप धाडला होता. आबा, त्या धामणीची सुरी करून द्या मला, पाव कापायला. लाकडाची कमान आणि तिच्या दोन टोकांत ताणून बसवलेलं दातेरी पातं, तशी.

सगुणनं लाकूड वाफेवर धरून हळूहळू वाकवलं. घासलं, तेल पाजलं. कमान अशी उतरली, की बघणाऱ्यानं तिच्यावरून हात फिरवतच बसावं.

पण तिच्या तोलाचं पातं काही मिळेना.

"तुमच्याकडं दूरदूरची माणसं येतात," सगुण म्हणाला. "एखादा लोहार ठाऊक असेल. सांगा, चालत जाईन."

बाबांनी फडक्यावरच्या पात्यांवरून नजर फिरवली.

"यातलं पहिलं पातं कुठलं?"

"हे, कोल्हापूरचं. मापात अगदी नेमकं होतं. पण त्याच्या धारेला पाणी नव्हतं हो. माझ्या कमानीला असलं लावू?"

"आता लाव बघू."

सगुणनं पिशवीतून कमान काढली. पात्याचं एक टोक स्क्रूच्या भोकावर टेकवलं. दुसरं टोक पोचेना. बोटभर कमी पडलं.

त्यानं पातं काढलं, फिरवलं, पुन्हा लावलं. तेवढंच कमी.

"आखडलं वाटतं," बाबा म्हणाले.

"लोखंड कुठं आखडतं, बाबा..."

बोलता बोलता सगुणचा हात थांबला. सुताराला काय सांगायचं? वाकवलेलं लाकूड. त्याला धरून ठेवायला पातं नाही. ते बापडं आपलं उलगडत चाललं होतं. अजून थोडे दिवस गेले, की नुसती काठी.

कुठंतरी वल्हं पाण्यात पडल्याचा आवाज आला. होडी मात्र दिसली नाही.

"शेवंती काय म्हणते?"

"आधी दर निरोपात विचारायची, झाली का सुरी, झाली का सुरी."

"आणि आता?"

"आता नुसतं तब्येत कशी आहे, एवढंच."

"कुठं दिलीस तिला?"

"मी कुठं दिली? तिचं तिनंच ठरवलं." सगुणचा आवाज जरा चढला, मग आपोआप खाली आला. "सावंतवाडीला. बेकरी आहे त्यांची."

"घर बरं आहे?"

सगुण पात्याच्या दातांवरून अंगठा फिरवत बसला.

"असेल... मी पाहिलं नाही अजून."

बाबांनी त्याच्या हातातलं पातं हळूच काढून घेतलं. फडक्यावरची सगळी पाती गोळा केली, फडकं बांधलं आणि ते गाठोडं आपल्या मांडीखाली दाबून ठेवलं. रिकामी कमान तेवढी सगुणच्या हातात दिली.

"अहो बाबा, पाती!"

"राहू देत. ऊठ तू. सावंतवाडीची गाडी सुटेल."

"सुरीच झाली नाही, तर जाऊ कसा? नुसतं लाकूड घेऊन लेकीच्या दारात उभा राहू?"

बाबा हसले.

"का रे सगुणा, बेकरीवाल्याच्या घरी पातं नसेल होय?"