वाफ की ऑइल?

लोणंदला मेहरुनचं गॅरेज होतं. एका सकाळी माजी सभापती आबासाहेब शेळके आपली जुनी मोटारसायकल तिथे घेऊन आले. ती विकत घेणार होत्या नर्स कुसुमताई. वाड्यावस्त्यांवर लसीकरणाला जायला त्यांना भरवशाची गाडी हवी होती, म्हणून ती मेहरुनकडून तपासून घ्यायला त्याही आल्या होत्या.

गाडी सुरू होताच सायलेन्सरमधून निळसर धूर निघाला. मेहरुन उकिडवी बसून तो न्याहाळत राहिली. इंजिन चांगलं तापलं तरी धूर थांबेना. तिने वास घेतला.

"आबासाहेब, इंजिन ऑइल जाळतंय."

"काहीतरीच! थंडीची वाफ आहे ती," आबासाहेब गुरकावले. "तीस वर्षं गाड्या वापरतोय मी. तू मला शिकवणार?"

कुसुमताई गोंधळल्या. सभापतींना खोटं कोण पाडणार?

मेहरुन शांतपणे उठली. "तुमचंच खरं असेल. वाफेचा काही डाग पडत नाही. मग डोक्यावरची ही पांढरीशुभ्र टोपी मिनिटभर या धुरात धरता का? सिस्टरांची खात्री पटेल."

आबासाहेबांचा हात टोपीकडे गेला आणि तिथेच घट्ट बसला.

"आजच इस्त्री केलीय गं," ते पुटपुटले.

कुसुमताईंना हसू आवरेना. "आधी इंजिनाचं काम करून घ्या, आबासाहेब. मग बघू."

आबासाहेबांनी किल्ली मुकाट्याने मेहरुनच्या हातात ठेवली.