निमजवाडीची रांजणाची खोली

निमजवाडीच्या चर्चमध्ये दानाची थाळी फिरत नाही. वेदीच्या डाव्या हाताला बिनखिडकीची एक लहान खोली आहे आणि तिच्यात धान्याचा कमरेइतका उंच रांजण आहे. रविवारची उपासना संपली की मंडळीतला प्रत्येक जण एकेकटा आत जाऊन येतो. कोण ठेवायला गेला आणि कोण घ्यायला, हे विचारायचे नाही. पाहुण्यालाही जावे लागते. त्याआधी घंटा वाजवणारे शांतवनबाबा पाटोळे त्याला पायरीवर बसवतात आणि ही हकीकत सांगतात.

सव्वाशे वर्षांपूर्वी हा रांजण चर्चच्या दाराशी उघड्यावर असे म्हणे. पाळक महिन्यातून एकदा येत. एरवी सगळा कारभार सिलास ओहोळ या पंचांकडे होता. माणूस सरळ, आवाज खणखणीत. कोणी धान्य आणले की ते नाव घेऊन पुकारत, "गंगाराम बोर्डे, एक मापटं ज्वारी." सोमवारी त्याच रांजणातून गरजूंना वाटप होई, तेव्हाही नावे तशीच पुकारली जात. एकाचे पाहून दुसऱ्याला हुरूप यावा, एवढाच त्यांचा हेतू होता.

मंडळीत मार्था त्रिभुवन नावाची एक विधवा होती. केकताडाच्या, म्हणजे घायपाताच्या, वाखाचे दोर वळून ती आपले आणि सगुणा नावाच्या आठ वर्षांच्या मुलीचे पोट भरी. चांगल्या दिवसांत तिचे नाव पुकाऱ्यात नेहमी पहिले असे.

मग पाऊस लागोपाठ दोन वर्षे आला नाही. गुरे छावणीत गेली, काही वाटेतच मेली. बैलच नाहीत, तर दोर कोण घेणार? रविवारी रांजणापाशी माणसे रिकाम्या हातांनी उभी राहू लागली, काहींनी यायचेच सोडले. मार्था मात्र पदरात मूठभर बाजरी बांधून येत राहिली.

"ऐकलं का?" सिलास पुकारत. "मार्थाबाई, एक मूठ. अन् वामन, तू मिशीला पीळ देत बसलास. एकट्या बाईपुढं लाज वाटत न्हाय?"

"मिशीच राहिलीय, पंच," वामन म्हणे. "कापून टाकू का रांजणात?"

लोक हसत. हसण्याइतके बळ तेव्हा होते.

मार्थेची शेजारीण येसाबाई हिने तिची हाडे पाहिली होती. ती म्हणाली, "अगं, सोमवारी तूही घे की दोन मुठी. तुझंच हाय त्यात."

मार्था म्हणाली, "रविवारी पंच माझ्या नावानं दुसऱ्यांला लाजवतात. सोमवारी तेच नाव मी कोणत्या तोंडानं ऐकू?"

चैत्रातल्या एका रविवारी ती आली नाही. उपासनेनंतर सिलास तिच्या घरी गेले. कडी आतून होती. दार मोडून आत गेले, तर मार्था न विकलेल्या दोरांच्या ढिगावर पडली होती. अंग गार होते. चुलीवरच्या गाडग्यात उकडलेल्या चिंचोक्यांची टरफले होती आणि पदराच्या गाठीत मूठभर बाजरी. सगुणा आईच्या पायाशी बसली होती.

सिलासांनी गाठ सोडून बाजरी मुलीच्या तळहातावर ओतली. तिने हात मागे घेतला.

"ती रविवारची हाय," ती म्हणाली. "आई मारंल."

त्यांनी स्वतः बाजरी भरडून पेज केली. देवाने ती तुला परत दिली आहे, असे पुन्हा पुन्हा सांगितले, तेव्हा तिने दोन घोट घेतले. पण पोटाला ते झेपले नाही. तिसऱ्या दिवशी सगुणाही गेली.

दोघींना एकाच खड्ड्यात पुरले. कबरीवर माती लोटून झाल्यावर सिलास मंडळीकडे वळले. "ती दर रविवारी थोडी थोडी मरत होती," ते म्हणाले, "अन् मी पुकारत होतो. दे म्हणालो. काय खाल्लंस, हे विचारलं न्हाय."

त्याच आठवड्यात त्यांनी वेदीशेजारी भिंती घालून ही खोली उभी केली आणि रांजण आत नेला. सगळ्यांनी जायचे, ज्याच्या घरी आहे त्याने आणि ज्याच्या घरी नाही त्यानेही, असा नेम घातला. पहिल्यांदा ते स्वतः गेले. त्यांनी ठेवले की घेतले, हे कोणाला कळले नाही.

तेव्हापासून रांजण कधी आटला नाही, असे बाहेरगावचे लोक सांगतात. शांतवनबाबांना ते मान्य नाही. त्यांच्या पणजोबांनी तो दुष्काळ पाहिला होता. रांजण पुष्कळदा आटला, असे ते सांगत. पावसाला तोंड लागेपर्यंत मंडळीतली आणखी नऊ माणसे गेली. पण दार लावून एकटे कोणी मेले नाही. तळ लागलेला असला, तरी आत गेलेला माणूस काही मिळाल्यासारखी मूठ मिटूनच बाहेर येई, म्हणजे मागे उभ्या असलेल्याचे पाय गळू नयेत. पुढच्या रविवारी मग कोणीतरी कुठूनतरी चार दाणे आणून टाकी.

गेल्या मोठ्या साथीत गावातल्या तरुणांची शहरातली कामे सुटली, तेव्हा खोलीपुढची रांग पार अंगणापर्यंत गेली होती. आजही त्या दारातून हात उघडा ठेवून कोणी बाहेर येत नाही.